वायू मोजणारे सर

बारामतीच्या एसटी स्टँडसमोर तेव्हा सोड्याची एक गाडी उभी असायची. गोटीच्या बाटल्या, बर्फाची लाकडी पेटी, तिच्यावर ओलं गोणपाट. आमचे सर इंदापूरच्या गाडीची वेळ झाली की तिथं जायचे आणि दोन सोडे घ्यायचे. एक बर्फातला, एक उन्हात राहिलेला. दोन्ही एकदम फोडायला लावायचे, दोन हातांत दोन बाटल्या धरून डोळ्यांसमोर आणायचे आणि आतले बुडबुडे बघत उभे राहायचे. येणारीजाणारी माणसं थबकायची. कुणाला वाटायचं सोड्यात काही पडलंय.

सोडेवाला एकदा वैतागला. "सर, तुमी सोडा पिता का नुसता बघता?"

"बघतो," सर म्हणाले. "पितात हे." आणि दोन्ही बाटल्या त्यांनी माझ्या आणि माळेगावच्या हातात दिल्या.

उन्हातला सोडा एकदम उसळतो आणि लगेच मिळमिळीत होतो. बर्फातला बराच वेळ बारीक बारीक बुडबुडे सोडत राहतो. गार पाण्यात वायू जास्त विरघळतो, तापलं की सोडून जातो, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण ते खरंच तसं असतं याची खात्री मला त्या गाडीपाशी पटली.

माळेगाव म्हणजे माझ्याबरोबर काम करणारा मुलगा. सर कुणालाच नावानं हाक मारत नसत. जे गाव ते नाव. मी सणसरची, म्हणून मी सणसर. पुढच्या वर्षी माळेगाव बुद्रुकचाच आणखी एक मुलगा आला, तेव्हा सरांची पंचाईत झाली. तो उंचीनं जरा कमी होता. सरांनी त्याचं नाव ‘खुर्द’ ठेवलं. "सर, मीबी बुद्रुकचाच हाय," असं तो परोपरीनं सांगायचा. काही उपयोग झाला नाही. दोन वर्षं तो खुर्दच राहिला. आता तो एका मोठ्या औषधकंपनीत वरच्या पदावर आहे, पण आम्ही जुनी मंडळी भेटलो की त्याला अजून खुर्द म्हणतो आणि तो अजून चिडतो.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. कॉलेजच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. ती सरांची. खिडकीतून उसाचं रान दिसायचं, आणि गळिताच्या दिवसांत कारखान्याकडं निघालेल्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज आत यायचा. मळीचा गोडसर आंबूस वास तर सगळ्या हवेतच असायचा. खोलीच्या मधोमध काचेचा एक सांगाडा उभा. पारा भरलेली उभी नळी, तिला रबरी नळीनं जोडलेला काचेचा गोळा, आणि खाली पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बुडवलेला चंबू, हलवायला दांडा लावलेला.

काम ऐकायला सोपं होतं. अ‍ॅसिड उकळून त्यातली हवा काढून टाकायची आणि ते चंबूत भरायचं. त्यावर कार्बन डायऑक्साइड सोडायचा, म्हणजे सोड्यातलाच वायू. मग चंबू हलवत राहायचं. वायू अ‍ॅसिडात शिरत जातो तसा नळीतला पारा वर सरकतो. सरकायचा थांबला की वाचून घ्यायचं. मग टाकीतलं पाणी थोडं तापवायचं आणि पुन्हा तेच. मग थोडं तीव्र अ‍ॅसिड घ्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. किती तीव्रतेच्या अ‍ॅसिडात, किती तापमानाला, किती वायू ‘मावतो’, हा सरांचा आयुष्यभराचा विषय. ‘विरघळतो’ हा शब्द ते फळ्यावर लिहायचे, पण बोलताना नेहमी ‘मावतो’.

नळीत कुठं एखादा बुडबुडा अडकला की त्याला ते ‘पाहुणा’ म्हणायचे. "सणसर, पाहुणे आलेत. वाटेला लावा." मग बोटाच्या टिचकीनं नळीवर हळूहळू मारत त्या बुडबुड्याला वर न्यायचा. घाई केली की एकाचे दोन पाहुणे व्हायचे. सर मागं उभे राहून बघायचे, पण कधी हातातून काम काढून घ्यायचे नाहीत आणि कधी ओरडायचे नाहीत. सगळी दुपार वाया गेली तरी म्हणायचे, "उद्या लवकर या," एवढंच.

या सगळ्याचा उपयोग काय, असं प्राचार्यांनी त्यांना एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं. सर जरा विचारात पडले. मग म्हणाले, "अजून मोजून झालेलं नाही." लोक हसले. सरांना विनोद केल्याची कल्पनाच नव्हती.

त्यांचं घर इंदापूरला. काकू तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सरांनी कधी बारामतीत बिऱ्हाड केलं नाही. रोज जाऊन येऊन. आणि रोज मांडीवर बॅरोमीटर. पितळेचा, गोल, भिंतीवरच्या घड्याळाएवढा, काकूंच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला. वायू मोजायचा तर हवेचा दाब अचूक माहीत हवा, आणि हे यंत्र खोलीत एकटं ठेवलं की कुणीतरी त्याच्याशी खेळतं अशी त्यांची ठाम समजूत होती. गाडीला गर्दी नसली की ते त्याला शेजारच्या सीटवर ठेवायचे. एका नव्या कंडक्टरनं हटकलं, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "याचं अर्धं तिकीट चालेल का?"

माझं गाव त्याच रस्त्यावर, त्यामुळं संध्याकाळी मी त्याच गाडीत असायची. स्वेटरमधून ती तबकडी दिसली की लोकांना घड्याळ वाटायचं.

"किती वाजलं वो?"

"यात वाजत नाही, आजोबा. हवेचा भार दिसतो."

"आसं व्हय. मंग किती हाय भार?"

"सकाळपेक्षा उतरलाय."

"म्हंजी पाऊस येनार म्हना की."

"ते मला सांगता येणार नाही."

म्हातारा निराश होऊन दुसऱ्याकडं वळायचा. पण गाडीत एकदा ही वार्ता पसरली की मी सणसरला उतरेपर्यंत चर्चा चालायची. भार उतरलाय म्हणं. उतरलाय का चढलाय? उतरलाय. कुठं उतरला? हितंच, ह्यांच्या मांडीवर. सर खिडकीबाहेर बघत बसलेले असायचे.

आमच्या घरात मेंढरं होती ती आजोबांच्या काळात. पुढं पाटाचं पाणी आलं, ऊस आला, कळप गेला. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. मी एम.एस्सी. झाल्यावर आणखी पुढं शिकायचं म्हणाले तेव्हा तात्यांनी अडवलं नाही. त्यांची अडचण वेगळीच होती. पोरगी बारामतीला रोज काय करते, असं गावात पारावर कुणी विचारलं तर त्यांना सांगता येईना. शेवटी एक दिवस ते स्वतःच खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"नमस्कार, सर. पोरगी हितं करती काय, तेवढं बघावं म्हनलं."

"या की, बसा. ती वायू मोजते."

"हवा?"

"हवेसारखाच. सोड्यातला."

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आन मोजून?"

"मोजून लिहून ठेवतो."

"आन मंग?"

"मग पुन्हा मोजतो. तेवढाच येतो का, ते बघतो."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. पण ते उठले नाहीत. मी चंबू हलवत होते, पारा हळूहळू चढत होता, आणि तात्या मान वाकडी करून त्या चकाकत्या रेषेकडं बघत राहिले. चहा आला तो गार झाला. मध्येच वीज गेली. त्या काळी ती रोजच जायची. टाकीतल्या पाण्याचा हीटर बंद पडला, तापमान उतरायला लागलं, आणि सकाळपासूनचं काम पाण्यात गेलं. सर खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"पानी गार व्हतंय, हीच आडचन का?" तात्यांनी मला हळूच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले ते आजोबांची काळी घोंगडी काखेत मारून. सरांनी आणि त्यांनी मिळून ती टाकीभोवती गुंडाळली, वरून सुतळीनं आवळली. त्या दिवशी वीज गेली आणि आली, तरी तापमापकातली रेषा जवळजवळ जागची हलली नाही. सरांना इतका आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी तात्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. तात्या अवघडून गेले. पुढं माझ्या प्रबंधात साहित्याच्या यादीत सरांनी मला ‘लोकरीचे आवरण, सणसर’ असं लिहायला लावलं. आणि तात्या पारावर सांगायला लागले, "पोरगी वायू मोजती. अ‍ॅसिडात किती मावतुय त्यो. लई नाजूक काम आसतंय."

माझ्या प्रबंधात एक वाकडी रेषा होती. अ‍ॅसिड जसजसं तीव्र होतं तसतसा त्यात वायू कमी मावतो, म्हणून रेषा खाली खाली जाते. पण एका ठिकाणी ती थांबते, वळते आणि पुन्हा वर चढायला लागते. खूप तीव्र अ‍ॅसिड वायूला पुन्हा जागा देतं. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मला वाटलं माझंच चुकलं. सर म्हणाले, "पुन्हा करा." पुन्हा केलं, तेच आलं. मग सरांनी स्वतः केलं आणि माझ्या आकड्यांशेजारी आपले आकडे लिहिले.

परीक्षक म्हणून बाहेरून एक मोठे गृहस्थ आले. सफारी, सोनेरी चष्मा. त्यांनी रेषेवर पेन ठेवलं. "हे इथून वर कसं गेलं? हे चुकलंय."

सरांनी वाद घातला नाही. अ‍ॅसिड भरलं, वायू सोडला आणि चंबूचा दांडा त्यांच्या हातात दिला. "तुम्ही हलवा."

"मी?"

"तुमचा हात निःपक्षपाती आहे."

गृहस्थांनी सफारीची बटणं सोडली आणि हलवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं त्यांनी हात बदलला. मग घाम पुसला. सर जवळच्या स्टुलावर बसून कौतुकानं बघत होते. पारा थांबला, गृहस्थांनी स्वतः वाचला, स्वतः आकडेमोड केली आणि मग कुठंही न बघता सही केली. त्यांना गाडीवर सोडायला आम्ही सगळे स्टँडवर गेलो. सरांनी नेहमीप्रमाणं दोन सोडे फोडायला लावले. परीक्षक दुखरा दंड चोळत त्या बाटल्यांकडं वाकून बघायला लागले, आणि त्यांची गाडी लागली हे आम्हाला त्यांना दोनदा सांगावं लागलं.

काकू सांगायच्या, आमच्या लग्नात भटजी मंत्र म्हणत होते आणि हे होमाच्या धुराकडं बघत होते, तो वरच्या हवेत कुठं मिसळतो ते. सप्तपदीला मीच ओढून नेलं. हे सांगताना त्या हसायच्या, आणि सर अगदी गंभीरपणे म्हणायचे, "दार बंद होतं. धूर साठला असता."

असे आमचे सर. त्यांची आठवण निघाली की आम्ही हसायला लागतो. पण त्यांच्या आयुष्यात एक संध्याकाळ अशी आली की त्यानंतर बरेच दिवस त्या रस्त्यावर त्यांच्याकडं बघून कुणी हसलं नाही.

बारामतीहून निघालेली आमची गाडी एका फाट्यावर थांबली होती. तिथं रस्त्यालगत गुळाची पावडर आणि काकवी करणारा एक छोटा खाजगी कारखाना होता. आता तो नाही. ऊन कलतं होतं. खिडकीतून सडक्या अंड्यांसारखा वास आत आला आणि बायकांनी पदर नाकाला लावले. सर ताडकन उभे राहिले. तेवढ्यात कारखान्याच्या फाटकातून एक माणूस ओरडत आला, "टाकीत पडलाय! मानूस पडलाय टाकीत!"

सरांनी बॅरोमीटर माझ्या हातात दिला आणि ते उतरून पळत सुटले. मी मागोमाग गेले.

मागच्या बाजूला जमिनीत सांडपाण्याची टाकी होती. वर लोखंडी झाकणाचं चौकोनी तोंड. भोवती चार-पाच कामगार. तळाशी साचलेल्या काळ्या गाळाचं कीटण निघत नव्हतं, म्हणून त्यांनी वरून अ‍ॅसिड ओतलं होतं आणि त्यांच्यातला एकजण शिडीवरून खाली उतरला होता. उतरला तो तिथंच कोसळला. त्याचा धाकटा भाऊ उपरणं तोंडाला बांधून शिडीवर पाय टाकण्याच्या बेतात होता.

"थांब!" सर ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आत काय ओतलंय?"

"अ‍ॅसिड. पर आता वास बी न्हाय राहिला, सर. मगाशी लई येत हुता."

"वास गेलेला नाही. तुमची नाकं गेलीत."

त्या काळ्या गाळात गंधकाचा विषारी वायू धरून ठेवलेला असतो. अ‍ॅसिड पडलं की तो सुटतो. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वाटतं वायू गेला. हे आम्ही वर्गात शिकत होतो, शिकवत होतो. त्या माणसांना कुणी सांगितलं नव्हतं.

सरांनी नाक दाबून एकदा आत पाहिलं, खालचा माणूस हलत नव्हता, आणि ते जड झाकण ओढलं. माणूस उतरू शकणार नाही पण हवा खेळेल एवढी फट ठेवली आणि वाऱ्याकडं तोंड करून झाकणावर बसले.

धाकट्याला काय चाललंय हेच कळेना. "सरका! माजा भाऊ हाय आत!"

"म्हणूनच तुला जाऊ देणार नाही. तू त्याच्यावर जाऊन पडशील."

"सरका म्हन्तो ना!" त्यानं सरांचा दंड धरून ओढलं. सर हलले नाहीत. मग त्यानं मारलं. तोंडावर. चष्मा उडाला, ओठ फुटला. सर दोन्ही हातांनी झाकणाची कड धरून बसून राहिले आणि तशाच अवस्थेत मला म्हणाले, "सणसर, भट्टीला हवा मारायचा पंखा असेल. पळा."

बॅरोमीटर मातीत ठेवून मी पळाले. एका कामगारानं आणि मी मिळून भट्टीचा पंखा आणि त्याची लांब नळी ओढत आणली. सरांनी नळी फटीतून आत घालायला लावली. पंखा सुरू झाला. दोघांनी धाकट्याला धरून ठेवलं होतं. तो आता मारत नव्हता, फक्त भावाला हाका मारत होता. विहिरीतली बादली काढायचा गळ कुणीतरी आणला. पंखा चालू ठेवून झाकण सरकवलं, आणि सरांनी स्वतः आडवं होऊन, तोंड बाजूला फिरवून, दोरावर गळ सोडला. आतल्या माणसाच्या कमरेच्या पट्ट्यात तो अडकवून त्याला वर घेतलं. कारखान्याची जीप तयारच होती.

बारामतीच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो गेला होता.

डॉक्टरांनी सांगितलं, पोलिसांनी लिहून घेतलं, की हे गृहस्थ नसते तर आणखी दोन-तीन जण त्या शिडीनं उतरले असते. पण गावाला तेवढं लांबलचक कुठं लक्षात राहतं. गावात एकच वाक्य फिरलं, ‘मास्तरनं वरनं झाकान लावलं.’

सर त्याच गाडीनं, त्याच खिडकीशी बसून येत-जात राहिले. काकूंनी सुचवलं होतं की महिनाभर रजा घ्या, नाहीतर दुसऱ्या रस्त्यानं जा. फाट्यावर गाडी थांबली की बाहेरची माणसं एकमेकांना कोपरानं खुणावायची. धाकटा कधीकधी चहाच्या टपरीशी उभा असायचा. तो नुसता बघायचा. सरही त्याच्याकडं बघायचे. नजर वळवायचे नाहीत.

प्रयोगशाळेत त्यांचं बोलणं कमी झालं. आणि मग एका शनिवारी त्यांनी पिशवीत सोड्याच्या बाटल्या आणि लिंबं भरली आणि मला म्हणाले, "चला." तेव्हापासून दर शनिवारी दुपारी आम्ही कुठंतरी जायचो. गुऱ्हाळं, दुधाच्या डेअऱ्या, छोटे कारखाने, जिथं जिथं टाक्या होत्या तिथं. कामगारांना जमवायचं. सोडा ग्लासात ओतायचा, तो शांत होऊ द्यायचा. "आता यात वायू आहे का?" "न्हाय, गेला की." मग सर त्यात चिमूटभर मीठ टाकून लिंबू पिळायचे. सगळा ग्लास फसफसून वर यायचा. "दिसत नव्हता, पण होता. टाकीत अ‍ॅसिड ओतलं की असंच होतं. फक्त तिथला वायू पिण्याचा नाही." मग सांगायचे, आधी हवा मारा, कमरेला दोर बांधा, वर दोघं उभी करा, पडलेल्याच्या मागं कुणी उतरू नका.

लोक लिंबूसोडा पिऊन टाळ्या वाजवायचे. काही ठिकाणी मालकांनी फाटकातूनच परत पाठवलं. एका जागी कुणीतरी मागून ओरडलं, "ह्येच ते, झाकानवाले!" सरांनी तिकडं बघून मान डोलावली आणि पुढचं लिंबू कापायला घेतलं.

पुढं सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांनी भाषण केलं नाही, यंत्र कसं पुसून ठेवायचं ते तेवढं सांगितलं. मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. काकू आधी गेल्या, मग काही वर्षांनी सर. त्यांच्या दहाव्याला आलेल्या माणसांत अर्धे तरी टाक्या साफ करणारे होते. मी त्यांना ओळखत नव्हते, पण ते मला ओळखत होते. मी सोड्याच्या बाटल्या धरून उभी राहिलेली त्यांनी पाहिली होती.

पण सर म्हटलं की मला सगळ्यात आधी दिसतो तो उन्हाळ्यातला एक दिवस. अपघाताला वर्ष होत आलं होतं. आम्ही चंबू धुत होतो आणि दारात धाकटा येऊन उभा राहिला. अंगावर धुतलेला सदरा, हातात टोपी. मला भीती वाटली. सर हात पुसून पुढं झाले.

"बस."

तो बसला नाही. "एकच इच्चारायचं हाय. मी उतारलो आसतो तर?"

"तुम्ही दोघंही गेला असता."

"नक्की?"

"नक्की."

तो म्हणाला, "मला कळलंय ते, सर. कवाच कळलंय. पर आय बोलत न्हाय. काम करती, भाकरी करती, पर तोंडातनं सबुद काढत न्हाय. काल मातूर बोलली. म्हनली, त्या मास्तरला घिऊन ये."

सरांचा चेहरा उतरला. पण त्यांनी लगेच शबनम पिशवी खांद्याला लावली. मला काही सांगितलं नाही, तरी मी निघाले.

पत्र्याचं घर, दारात शेवगा. आई जोत्यावर बसली होती. सुकलेली, ताठ. आम्हाला पाहून उठली नाही. सरांनी चपला काढल्या आणि तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले.

"तुमीच बसला हुता व्हय झाकनावर?"

"होय, मावशी. मीच."

"मंग तुमास्नीच ठावं आसनार." तिनं पदर घट्ट ओढून घेतला. "त्यानं हाक मारली का? आतनं. लोकं म्हन्त्यात, झाकान लागलं तवा भिऊन वराडत हुता. वरसभर माज्या कानात त्योच आवाज हाय. मला झोप न्हाय."

धाकट्यानं मान वर केली. हा प्रश्न त्यालाही माहीत नव्हता. आम्ही सगळे समजत होतो की ती सरांना जाब विचारणार.

"नाही, मावशी," सर म्हणाले. "झाकण ओढण्याआधी मी आत पाहिलं. तो हलत नव्हता. मी येण्याआधीच त्याची शुद्ध गेली होती. तो वायू असाच असतो. दोन-तीन श्वासांत माणूस झोपल्यासारखा पडतो. त्यानं झाकण पाहिलं नाही. हाक मारली नाही. आत कुठलाच आवाज नव्हता."

"खरं सांगताय?"

"खरं सांगतोय. ही मुलगी तिथंच होती. हिला विचारा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "खरं आहे, आई. हाका हा मारत होता. बाहेरून. थोरल्याला."

ती धाकट्याकडं वळली. "तू मारत हुतास?"

त्यानं मान डोलावली.

"म्हंजी लेकरू भ्यालं न्हाय माजं," ती म्हणाली.

"नाही भ्याला. भ्यायला वेळच मिळाला नाही त्याला."

शेवग्याची वाळकी पानं अंगणात पडत होती. मग तिनं धाकट्याला सांगितलं, "सरास्नी पानी दे." तो आत गेला, तांब्या घेऊन आला. सर पाणी प्यायले, तांब्या मला दिला. आणि मग वर्षभर न रडलेली ती बाई एकदम मोठ्यानं रडायला लागली. धाकटा तिच्या पायाशी बसला आणि तिनं त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

सर हळूच उठले. त्यांनी मला डोळ्यांनीच खुणावलं. चपला त्यांनी पायात घातल्या नाहीत, हातात घेतल्या, आणि अंगण ओलांडून, बांध ओलांडून, पार डांबरी रस्त्यापर्यंत ते तापलेल्या मातीतून तसेच अनवाणी चालत आले.